टीव्हीच्या डब्याची किल्ली गिऱ्हाइकाच्या हाती हवी

सूरजागडच्या पहाडावरचे लोहखनिज बाहेर पडू लागल्यापासून एटापल्ली ते आलापल्ली या रस्त्याचा धंदा बदलून गेला आहे. खाणीचा पट्टा २००७ सालचा. डिसेंबर २०१६ मध्ये नक्षलवाद्यांनी खनिज वाहणारे अनेक ट्रक एकाच वेळी जाळले आणि काम थंडावले. २०२१ पासून मात्र वाहतूक पुन्हा सुरू झाली ती वाढतच गेली. ट्रक आले, त्यामागून चालक आले, चालकांमागून खानावळी, पंक्चरची दुकाने आणि भाड्याच्या खोल्या आल्या. आता खानावळ म्हटली की भिंतीवर टीव्ही हवाच. जेवणाची वाट पाहणाऱ्या माणसाला काहीतरी पाहायला लागते. या टीव्हीला जोडायच्या डब्याविषयी आज चार शब्द लिहायचे आहेत, कारण या छोट्या वस्तूवर आपल्या भागातील लोकांचे बरेच पैसे वाया जात आहेत.

मी टेपरेकॉर्डरच्या काळापासून दुरुस्तीच्या धंद्यात आहे. गेल्या पावसाळ्यात हेडरीकडचा एक खानावळवाला माझ्याकडे डबा घेऊन आला. म्हणाला, "चाचा, रात्री लाइन गेली. सकाळी आली, पण हा डब्बा काही सुरू होऊन नाही राहिला." मी डबा जोडून पाहिला. डबा मेलेला नव्हता. तो पडद्यावर इंटरनेट मागत होता. खात्याचे नाव आणि पासवर्ड टाकल्याशिवाय पुढे जायला तयार नव्हता. खाते विकणाऱ्याने स्वतःच्या नावावर उघडलेले, आणि विकणारा परगावचा. त्याचा फोन लागेना. पेन ड्राइव्हमध्ये गिऱ्हाइकाची स्वतःची लग्नाची चित्रफीत होती, टीव्ही चांगला होता, वीज होती. तरीही माणूस आठ दिवस रिकाम्या पडद्याकडे पाहत बसला. त्याने यंत्र विकत घेतले होते, पण त्याची किल्ली दुसऱ्याच्याच खिशात राहिली होती.

यावर उपाय आहे, आणि तो आपल्या तरुणांना शिकता येण्यासारखा आहे. एकाच सर्किटपट्टीवर सगळे भाग बसवलेला, हाताच्या पंजाएवढा संगणक बाजारात मिळतो. त्यातला सर्वांत प्रसिद्ध म्हणजे रास्पबेरी पाय. इंग्लंडमधील एका धर्मादाय संस्थेने मुलांना संगणक शिकवण्यासाठी तो फेब्रुवारी २०१२ मध्ये बाजारात आणला. तेव्हा त्याची किंमत ३५ डॉलर होती. पुढे २०१६ मध्ये तिसरी, २०१९ मध्ये चौथी आणि २०२३ मध्ये पाचवी आवृत्ती आली. त्यात हार्ड डिस्क नसते, मेमरी कार्डावर सगळा कारभार चालतो. टीव्हीला एचडीएमआयची तार जोडली, कार्ड घातले की झाले. चित्र चालू असताना चौथी आवृत्ती साधारण पाच वॅटच्या आसपास वीज खाते. म्हणजे इन्व्हर्टरवर टीव्हीचाच काय तो भार, डब्याचा नाही म्हटले तरी चालेल.

पण पट्टी नुसती पट्टीच असते. तिच्यावर कोणते सॉफ्टवेअर घालायचे, इथे खरी निवड आहे. शहरातले जाणकार या निवडीत पडद्याचा देखणेपणा, पोस्टरांची मांडणी आणि नवनव्या सोयी यांची तुलना करतात. आपल्या भागात ही तुलना उपयोगाची नाही. माझ्या मते इथे तीनच कसोट्या लावाव्यात. लाइन अचानक गेली आणि परत आली, तर डबा आपोआप उभा राहतो का? इंटरनेट महिनाभर नसले तरी घरातली चित्रफीत लागते का? आणि विकणारा गावात नसला तर घरातला शिकलेला मुलगा अर्ध्या तासात तो पुन्हा चालू करू शकतो का? या तिन्हींना जे उतरेल ते घ्यावे. बाकीचे गुण नंतर पाहावेत.

काही जण म्हणतील की आता मनोरे उभे राहत आहेत, इंटरनेट येतेच आहे, मग जुन्या अडचणी धरून का बसायचे? याला माझे उत्तर एसटीचे आहे. अहेरीहून गर्देवाड्याला एसटी १ जानेवारी २०२५ रोजी सुरू झाली, म्हणजे स्वातंत्र्यानंतर ७७ वर्षांनी. एसटी आली याचा आनंदच आहे. पण मधल्या ७७ वर्षांत ज्याने धंदा केला त्याने बैलगाडी आणि सायकलवर केला. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता आजही बंद पडतो. इंटरनेट आले तर उत्तम, न आले तरी अडू नये, अशी वस्तू जो विकेल त्याच्याकडेच गिऱ्हाईक पुन्हा येईल.

आता एकेक सॉफ्टवेअर पाहू. सर्वांचे मूळ म्हणता येईल असा प्रोग्राम म्हणजे कोडी. २००३ च्या सुमारास तो एक्सबॉक्स या खेळाच्या यंत्रासाठी एक्सबीएमसी या नावाने तयार झाला, आणि २०१४ मध्ये त्याचे नाव कोडी ठेवण्यात आले. तो फुकट आहे, त्याची मूळ लिखावट कोणालाही पाहता येते, आणि तो चालवण्यासाठी कुठेही खाते उघडावे लागत नाही. पेन ड्राइव्ह लावा, फोल्डर उघडा, चित्र लावा. टीव्हीत सोय असेल तर एचडीएमआयच्या त्याच तारेतून टीव्हीचा रिमोट कोडीलाही चालतो. वेगळा रिमोट विकत घ्यावा लागत नाही आणि हरवतही नाही.

कोडी एकटा चालत नाही, त्याच्याखाली एक पाया लागतो. त्यासाठी दोन नावे प्रमुख आहेत. एक लिब्रेईएलईसी, जो २०१६ मध्ये ओपनईएलईसीपासून वेगळा झाला. दुसरा ओएसएमसी. ओएसएमसीचा पाया डेबियनचा आहे, त्यामुळे त्यावर इतर प्रोग्रामही चढवता येतात. ज्याला यंत्राशी खेळायची हौस आहे त्याला तो आवडेल. मात्र घेण्यापूर्वी आपल्या हातातील आवृत्तीवर तो चालतो का, हे पाहून घ्यावे. लिब्रेईएलईसीत कोडी चालवण्यापुरतेच सामान ठेवलेले असते. त्यात इतर प्रोग्राम सहजासहजी घालता येत नाहीत. पुष्कळांना हा दोष वाटतो, पण आपल्यासाठी मला हाच त्याचा मोठा गुण वाटतो. त्याचा मुख्य भाग एका बंद फाईलमध्ये असतो आणि चालू असताना फक्त वाचला जातो, त्यावर काही लिहिले जात नाही. लाइन जाते त्या क्षणी कार्डावर लिहिणे चालू असेल तर कार्ड बिघडण्याचा धोका असतो. जिथे कमी लिहिले जाते तिथे धोकाही कमी. गिऱ्हाइकाच्या याद्या आणि सेटिंग दुसऱ्या भागात लिहिल्या जातात, त्यामुळे धोका शून्य होत नाही. पण निम्मी लढाई तिथेच जिंकली जाते. नवीन आवृत्तीही इंटरनेटशिवाय चढवता येते. चंद्रपूरला गेलेल्या माणसाकडून फाईल पेन ड्राइव्हवर मागवा, डब्यातील अपडेटच्या फोल्डरमध्ये टाका आणि डबा पुन्हा सुरू करा.

प्लेक्स हे नाव शहरात फार ऐकू येते. ते देखणे आहे यात वाद नाही. पण त्याचा सगळा व्यवहार कंपनीच्या खात्यावर उभा आहे. एप्रिल २०२५ मध्ये त्या कंपनीने आजन्म वर्गणी सुमारे १२० डॉलरवरून २५० डॉलरवर नेली. स्वतःच्याच संग्रहातले चित्र घराबाहेरून पाहायचे तर त्यालाही पैसे लावले. पूर्वी ती सोय फुकट होती. कंपनीने धंदा करावा, त्याबद्दल तक्रार नाही. पण ज्या वस्तूचे नियम उद्या दुसरा बदलू शकतो ती वस्तू आपल्या शब्दावर गिऱ्हाइकाला विकताना दुकानदाराने दहा वेळा विचार करावा. गिऱ्हाईक कंपनीला ओळखत नाही, ते आपल्यालाच ओळखते.

जेलीफिन मात्र वेगळ्या कामाचे आहे आणि त्याला इथे जागा आहे. २०१८ च्या अखेरीस एम्बी नावाच्या प्रोग्रामची लिखावट बंद झाली, तेव्हा काही कारागिरांनी जुन्या लिखावटीवरून जेलीफिन सुरू केले. कोडी एका टीव्हीसाठी आहे. जेलीफिन एका ठिकाणी साठवलेली चित्रे अनेक मोबाइलवर पोचवते. वसतिगृह, कामगारांच्या खोल्या, प्रशिक्षण केंद्र अशा ठिकाणी एक छोटा संगणक, एक हार्ड डिस्क आणि एक वायफाय राउटर एवढे पुरते. राउटरला बाहेरचे इंटरनेट नसले तरी आतल्या आत काम चालते. खातीही त्याच डब्यात राहतात. एक काळजी घ्यावी. हा छोटा संगणक चालू चित्र दुसऱ्या प्रकारात बदलून पाठवण्याइतका दमदार नाही. म्हणून चित्रे आधीच, दुकानातल्या मोठ्या संगणकावर, सगळ्या मोबाइलना चालणाऱ्या एमपी-फोर स्वरूपात करून ठेवावीत. शाळेसाठी असेल तर कोलिब्री नावाचा प्रोग्राम पाहावा. तो इंटरनेट नसलेल्या शाळांसाठीच बनवला आहे आणि त्याचा पडदा मराठीतही आहे.

तेव्हा माझा सल्ला असा : एक टीव्ही असेल तर लिब्रेईएलईसीवर कोडी, अनेक मोबाइल असतील तर जेलीफिन, आणि प्लेक्स इथे नको.

यावर एक आक्षेप रास्त आहे. बाजारात तयार अँड्रॉइड डबे याहून स्वस्त मिळतात आणि त्यात सगळे आधीच भरलेले असते. मग ही खटपट कशाला? प्रामाणिकपणे सांगायचे तर ज्याला हॉटस्टार आणि नेटफ्लिक्सच पाहायचे आहे, आणि ज्याच्याकडे बारा महिने इंटरनेट आहे, त्याने नामांकित कंपनीचा अँड्रॉइड डबाच घ्यावा. या छोट्या संगणकासाठी त्या कंपन्यांची अधिकृत अॅप नाहीत. हे विकण्यापूर्वी सांगावे, नंतर नव्हे. पण निनावी स्वस्त डब्यांपासून सावध राहावे. अशा काही डब्यांत कारखान्यातून निघतानाच घातक प्रोग्राम भरलेला असतो, हे २०२३ मध्ये सुरक्षा संशोधकांनी उघडकीस आणले. त्याला बॅडबॉक्स असे नाव पडले. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयनेही त्याबद्दल लोकांना इशारा दिला. घरातल्या वायफायवर असा पाहुणा बसला तर गिऱ्हाइकाचा मोबाइल, त्यातली बँक, सगळेच त्याच्या शेजारी येते.

दुसरा आक्षेप किमतीचा. मेमरी चिपा महागल्याने २०२५ च्या अखेरीपासून या पट्ट्यांच्या किमतीही चढल्या. म्हणून गरजेपुरतेच घ्यावे. नुसत्या कोडीसाठी चौथ्या आवृत्तीचे २ जीबीचे मॉडेल पुरते. आपल्याकडच्या बहुतेक चित्रफिती एच-२६४ प्रकारच्या असतात. चौथ्या आवृत्तीत त्या उलगडणारा स्वतंत्र भाग आहे. पाचव्या आवृत्तीत तो काढून टाकला आहे आणि ते काम मुख्य प्रोसेसर करतो. तो ताकदवान असल्याने पूर्ण एचडी चित्र व्यवस्थित चालते, पण त्यासाठी जास्त पैसे मोजावेत असे काही नाही. पाचव्या आवृत्तीची एक गोष्ट मात्र आपल्या कामाची आहे. तिच्यात घड्याळ आहे आणि त्याला छोटी बॅटरी जोडता येते. चौथीत घड्याळ नाही. इंटरनेट नसताना लाइन गेली की तिची वेळ चुकते. ज्या ठिकाणी ठरलेल्या वेळी काही लावायचे असेल तिथे हा फरक ध्यानात घ्यावा.

सर्वांत जास्त बिघाड ज्यामुळे होतो ती वस्तू म्हणजे चार्जर. घरातला मोबाइलचा चार्जर लावून लोक पैसे वाचवतात आणि यंत्राला दोष देतात. चौथ्या आवृत्तीला पाच व्होल्ट तीन अँपिअरचा चांगला चार्जर हवा. पाचवीला पाच अँपिअरचा. पाचवीला तीन अँपिअरचा लावला तर ती यूएसबीला मिळणारा करंट स्वतःच कमी करते, आणि मग हार्ड डिस्क फिरत नाही. पडद्याच्या कोपऱ्यात पिवळी वीज दिसली तर समजावे की करंट कमी पडतो आहे. अशा वेळी सॉफ्टवेअर बदलण्यात दिवस घालवू नये, आधी चार्जर बदलावा.

आता धंद्याचा खरा भाग. या डब्यात कमाई यंत्रावर फारशी नाही, ती मेहनतीवर आहे. आपल्याकडे घराघरांत लग्नाच्या, बारशाच्या, जत्रेच्या जुन्या सीडी पडून आहेत. प्लेयर मिळेनासे झाले आहेत. त्या सीडी उतरवून, नावे देऊन, फोल्डर लावून देणे हे मानाचे काम आहे. झाडीपट्टीची नाटके दिवाळीनंतर सुरू होतात आणि रात्रभर चालतात. वडसा हे त्या मंडळींचे केंद्र. त्या रंगभूमीचे परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. एखाद्या मंडळीने स्वतःच्या प्रयोगाचे चित्रण करून ठेवले असेल तर ते जतन करण्याचे काम आपला तरुण करू शकतो. माडिया घरातील आजीची गाणी कोणी नोंदवली असतील तर ती कोणत्याही कंपनीच्या यादीत सापडणार नाहीत. ती त्या घरातच राहतील, आणि घरातल्या डब्यात ती नीट राहिली पाहिजेत.

इथे कोडीची एक अडचण सांगून ठेवतो. नवीन माणूस कोडीला चित्रांची आपोआप यादी करायला सांगतो. मग कोडी इंटरनेटवर जाऊन नावे शोधतो. हिंदी सिनेमाचे नाव त्याला सापडेल, पण "सलीमभाईचे लग्न, एटापल्ली" कुठून सापडणार? म्हणून यादीच्या मागे न लागता फायलींचा साधा फोल्डर उघडावा, आणि प्रत्येक फोल्डरमध्ये फोल्डर या इंग्रजी नावाने एक फोटो ठेवावा. तोच फोटो पडद्यावर दिसतो. ज्याला वाचता येत नाही अशी आजीसुद्धा नातवाचा फोटो पाहून बरोबर चित्र लावते. मराठी आणि उर्दू नावे देणार असाल तर आधी दोन-चार नावे पडद्यावर लावून पाहा. जोडाक्षरे आणि उजवीकडून लिहिलेली अक्षरे नीट उमटली तरच पुढे जा. नाही उमटली तर सेटिंगमध्ये अक्षरांचा प्रकार बदलून पाहा.

एका मोहापासून मात्र दूर राहावे. गिऱ्हाईक म्हणेल, "डब्यात शंभर-दोनशे नवे सिनेमे टाकून द्या, वरचे पैसे देतो." हे पैसे घेऊ नयेत. कॉपीराइटचा कायदा १९५७ चा आहे, आणि जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला त्याच्या ६३ व्या कलमाखाली सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. कोडी बनवणारे स्वतः त्यात एकही सिनेमा देत नाहीत, आणि चोरीच्या चित्रांचे जोडप्रोग्राम विकणाऱ्यांशी आपला संबंध नाही, असे ते वारंवार सांगत आले आहेत. खानावळवाल्यानेही समजून घ्यावे की घरात चार माणसांनी पाहिलेला सिनेमा वेगळा आणि दुकानात गिऱ्हाइकांपुढे लावलेला सिनेमा वेगळा. कायद्याची भीती बाजूला ठेवली तरी दुसऱ्याच्या मेहनतीवर केलेल्या कमाईत बरकत नसते, हे आपल्या लोकांना वेगळे सांगायला नको.

शेवटी, जो तरुण हे काम सुरू करू इच्छितो त्याने तीन सवयी पहिल्या दिवसापासून लावून घ्याव्यात. पहिली, प्रत्येक डब्यासोबत त्याच कार्डाची तयार नक्कल असलेले दुसरे कार्ड पाकिटात घालून द्यावे. एक कार्ड बिघडले की दुसरे घालायचे, एवढेच गिऱ्हाइकाला शिकवावे. चित्रे हार्ड डिस्कवर असल्याने ती सुरक्षित राहतात. दुसरी, कोणतेही खाते, कोणताही पासवर्ड स्वतःच्या नावावर ठेवू नये. एका कागदावर मराठीत सगळे लिहून डब्याच्या झाकणाला चिकटवावे. तिसरी, बिलात यंत्राची किंमत आणि आपला मेहनताना वेगळा दाखवावा. आपली मेहनत फुकट आहे असे गिऱ्हाइकाला वाटू देऊ नये.

कोणी म्हणेल की अशाने गिऱ्हाईक आपल्यावर अवलंबून राहणार नाही, मग परत कशाला येईल? माझा अनुभव उलटा आहे. तो खानावळवाला माझ्याकडून लिब्रेईएलईसीचा डबा आणि दोन कार्डे घेऊन गेला. त्यानंतर दोनदा लाइन गेली, एकदा कार्ड बिघडले. त्याच्या मुलाने स्वतःच कार्ड बदलले. डबा दुरुस्तीला माझ्याकडे आलाच नाही. पण त्या मुलाने आणखी तीन माणसे माझ्याकडे पाठवली, आणि आता तो सुट्टीत माझ्याच दुकानात बसून काम शिकतो आहे. आपल्या पहाडातले खनिज ट्रकमध्ये भरून बाहेर जाते, त्यावर आपला फारसा हात नाही. टीव्हीच्या डब्याचे शहाणपण तरी तालुक्यात राहावे, एवढे आपल्या हातात नक्की आहे.